योगराज नानांच्या पुस्तकातील उवांचे वर्गीकरण

ज्याचा वर्ग ठरलेला नाही, त्याला या जगात जागा नाही. माणसाला दाखला लागतो, जमिनीला उतारा लागतो आणि वाचनालयाला वर्ग लागतो. भडगाव तालुक्यातलं कै. वना आबा सार्वजनिक वाचनालय 'क' वर्गात होतं आणि 'ब' वर्गाकडे डोळे लावून बसलं होतं. 'ब' वर्गासाठी पुस्तकं वाढावी लागतात आणि वाचक वाढावे लागतात. पुस्तकं वाढवणं सोपं. ती नाही म्हणत नाहीत.

ती वाढली सचिव योगराज नानांमुळे. नाना पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर अनेकांना जे होतं ते त्यांनाही झालं. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. नाव 'मी आणि माझा तालुका'. त्याच सुमारास तालुक्यात पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देण्याची स्तुत्य प्रथा सुरू झाली. (फुलं दोन दिवसांत कोमेजतात. पुस्तक न उघडल्यास कितीही वर्षं टवटवीत राहतं.) शाल, नारळ आणि नानांचं पुस्तक असा संचच ठरून गेला. दहावीत पहिली आलेली मुलगी, बदलून आलेले तहसीलदार, बदलून चाललेले तहसीलदार, जिनिंगच्या उद्घाटनाचे पाहुणे, सगळ्यांच्या हाती चकचकीत प्लास्टिकमध्ये सीलबंद असा नानांचा तालुका पडायचा. सत्कारमूर्ती शाल घरी नेत, नारळाची चटणी करीत आणि पुस्तक मोठ्या मनाने वाचनालयाला भेट देत. अशा रीतीने पहिली आवृत्ती संपली आणि वाचनालयाचं मागचं कपाट भरलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध कोणी जोडला नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या मनोगतात नानांनी लिहिलं, 'पहिली आवृत्ती वाचकांनी अक्षरशः संपवली.' वाक्य त्यांना इतकं आवडलं की जेवताना त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

प्रकाशन आठवड्यावर आलं असताना वाचनालयाची झाडलोट करणारी भिकुबाई मागचं कपाट पुसायला गेली आणि फडकं तिथंच टाकून बाहेर आली.

"नाना, तुमना पुस्तकमा उवा पडन्यात."

"काय बोलतेस? पुस्तकाला कुठं उवा होतात?"

"मना डोकामा एक बी नही शे. तुमना पुस्तकमा बठ्ठं गाव शे. या, देखा."

नानांनी पाहिलं. प्लास्टिकच्या आत, पानांच्या कडेने, धुळीच्या कणाएवढे पांढुरके जीव लगबगीने ये-जा करत होते. नानांना आधी बरं वाटलं. आत कोणीतरी होतं. मग त्यांना 'ब' वर्गाची तपासणी आठवली.

ग्रंथपाल ज्योत्स्नाताईंनी नियम सांगितला: किडा कुठल्या वर्गातला ते ठरल्याशिवाय औषध मारता येत नाही, कारण ते कोणत्या खात्याने मारायचं हेच ठरत नाही. ऊ असेल तर आरोग्य खातं. झाडाच्या सालीवरचा असेल तर वनखातं. त्याप्रमाणे पत्रं गेली. उत्तरंही आली, हे विशेष. उपचारासाठी रुग्णाला डोकं असणं आवश्यक आहे, असं एका कार्यालयाने कळवलं. झाडाचा कागद झाल्यावर आमचा संबंध संपतो, असं दुसऱ्याने. तेव्हा वर्गीकरण उपसमिती नेमण्यात आली आणि जळगावहून प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक मेघा मॅडमना बोलावण्यात आलं. त्यांना शाल, नारळ आणि एक पुस्तक देण्यात आलं.

मॅडमनी भिंग काढलं आणि किडे पाहिले. "नाना, पूर्वी यांचे दोन गण मानायचे. झाडाच्या सालीवरचे आणि पुस्तकातले हे एका गणात, आणि माणसा-जनावरांच्या अंगावरच्या उवा दुसऱ्यात. नंतर लक्षात आलं, उवा याच घराण्यातून निघाल्यात. आता सगळ्यांचा मिळून एकच गण. सोकोडिया."

(इंग्रजीत या नावाच्या आधी एक 'प' आहे. तो असतो, पण बोलत नाही. कार्यकारिणीतही असे तीन सदस्य आहेत.)

उपसमितीला विषय लगेच समजला. एक गट बाहेर पडला, लोकांच्या डोक्यावर जाऊन बसला, स्वतंत्र मान्यता मिळवली आणि शेवटी मूळ गटात विलीन झाला. रोजचं वर्तमानपत्र चाळणाऱ्याला यात नवं काही नव्हतं. विलीनीकरणात पद कोणाला मिळालं, एवढंच एका सदस्याने विचारलं. (बागेत पाणी साचू देऊ नये, करपलेली पानं कापून बांधाबाहेर न्यावीत.) कार्यवृत्तात 'विलीनीकरण एकमताने मंजूर' अशी नोंद झाली.

"पण मॅडम, हे खातात काय?" नानांनी विचारलं. "कागद खातात ना?" आवाजात आशा होती. कागद खाणारा शत्रू इभ्रतीचा असतो. किडीने खाल्लेल्या ग्रंथाबद्दल लोक हळहळतात.

"नाही. कागदावरची बुरशी खातात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते ना, तिथे धरते ती. जिथे पानं उलटली जातात, वारा लागतो, तिथे हे टिकत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे ही पुस्तकं कोणी उघडलेली नाहीत, नाना."



"यांना वाळवीत नाही का घालता येणार?" नाना हळूच म्हणाले. "तुमच्या अधिकारात?"

"वाळवीचा यांच्याशी संबंध नाही. ती हल्ली झुरळांच्या गणात असते."

"तिकडेही पक्षांतर!" तोच सदस्य म्हणाला.

मॅडम एका किड्याच्या मागे भिंग घेऊन पानापानातून चालल्या होत्या. मध्येच थांबल्या. "नाना, एकोणपन्नासाव्या पानापासून केळीवरचा करपा का आहे?"

सगळी पुस्तकं फोडली. सगळ्यांत करपा होता. छापखान्यात केळी लागवडीच्या पुस्तिकेची सोळा पानं नानांच्या आयुष्यात बांधली गेली होती, आणि त्या जागची नानांची सोळा पानं बहुधा एखाद्या केळीवाल्याकडे गेली होती. ती पानं नानांच्या आईची होती. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तिने नानांना शिकवलं आणि नोकरीचा कागद यायच्या आधी ती गेली, ते प्रकरण.

पहिल्या प्रकाशनाच्या वेळी याच प्रकरणावर चार वक्ते बोलले होते. "आई वाचताना डोळे पाणावले," असं विलीनीकरणवाले सदस्यच म्हणाले होते. ते आता छताकडे पाहत होते. खुद्द नानांनीही छापील पुस्तक कधी उघडलं नव्हतं. आत काय आहे ते त्यांना ठाऊकच होतं.

नानांनी समोरचं फोडलेलं पुस्तक मिटलं. पण माणूस पंचायत समितीत घडलेला होता. त्यांनी कागद ओढला आणि ठराव लिहायला घेतला. वाचक म्हणजे जो पानावरून जातो. पानावर काय आहे ते त्याला कळलंच पाहिजे, अशी अट नियमांत कुठेही नाही. सदर गण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेल्याचं तज्ज्ञांनी समक्ष पाहिलं आहे, आणि तालुक्यातला दुसरा कोणीही तिथवर पोचलेला नाही. सबब सदर गणाचा 'वाचक' या वर्गात समावेश करण्यात यावा. ठराव मंजूर झाला. त्या संध्याकाळी वाचनालयाची वाचकसंख्या 'ब' वर्गाच्या पार पुढे गेली, आणि मनोगतातलं वाक्य बदलायची गरज उरली नाही.

"मंग आते त्या मारू का नही?" भिकुबाईने दारातून विचारलं.

"सभासद आहेत त्या," नाना म्हणाले.

दुसऱ्या आवृत्तीत करपा तसाच ठेवावा, कारण त्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही, असं उपसमितीचं मत पडलं. तेवढं मात्र नानांनी ऐकलं नाही. "आईचं प्रकरण जागेवर गेलं पाहिजे."

"कोणासाठी, नाना?"

नानांनी मागच्या कपाटाकडे पाहिलं. "वाचकांसाठी," ते म्हणाले.

ता.क. या मजकुरातही मध्ये एका कंसात केळीच्या बागेविषयी एक वाक्य येऊन गेलं आहे. ज्यांना ते तिथेच खटकलं, त्यांनी वाचनालयाला कळवावं. त्यांची वेगळी नोंद घेतली जाईल. बाकीच्यांनी काही करायचं नाही. त्यांचा वर्ग ठरलेला आहे.