हरवला आहे : एक नदीकाठ

बाळांनो, हाताची घडी घालून बसा. तोंडावर बोट ठेवायची गरज नाही, ते या गोष्टीत बाकीचे ठेवणारच आहेत.

एका जंगलात सिंह होता, नदी होती आणि एक सरकारी रानवाणी होती. रानवाणी म्हणजे काय? टिटवीबाई उंच खडकावर उभ्या राहून बातम्या वाचत आणि झाडाझाडांवरचे पोपट तेच पुढे म्हणत. दोन मिनिटांत बातमी जंगलभर. पोपटांना अर्थ कळत नसे, म्हणून त्यांची नोकरी कायम होती.

रानवाणीचे संचालक होते बगळेसाहेब. ते नेहमी एका पायावर उभे राहत. दुसरा पाय टेकला की बाजू घेतल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रानवाणीची ओळख ठरवायला तीन वर्षं समिती बसली. बोधचिन्ह ठरलं, एका पायावरचा बगळा. निवड अगदी निःपक्षपाती झाली. साहेबांनी मत दिलं नाही, ते फक्त समितीसमोर उभे राहिले. सुरुवातीच्या धूनमध्ये मात्र प्रत्येकाला आपलाच आवाज हवा होता. कोल्हा रुसला, मोर अडून बसला. शेवटी अर्धं मिनिट शांतता ठेवायची ठरली. ती धून सगळ्या जंगलाला तोंडपाठ होती.

आणि धोरण! त्यातलं कलम चौदा तर खास टिटवीबाईंसाठी होतं. टिटवीने उंचावर अंडी घातली की लोक म्हणतात, यंदा पाऊस दणकून. खाली घातली की म्हणतात, बेताचा. म्हणजे बाईंची अंडी हा हवामानाचा अंदाजच झाला, आणि तोही मंजुरीशिवाय! म्हणून नियम केला की सरकारी टिटवीने अंडी उताराच्या बरोबर मध्यावर घालावीत.

त्या वर्षी बाईंच्या मनात वरचं टेकाड होतं. पण साहेबांनी चोचीने रेघ मारून दिली आणि बाईंनी गुपचूप रेघेवर चार अंडी घातली. करडी, ठिपक्यांची.

एके सकाळी बाई बघतात तर नदीचं पाणी गढूळ. लांब डोंगरात पाऊस कोसळत होता. पाणी चढत चढत रेघेपासून दहा पावलांवर आलं होतं.

"साहेब, पूर येतोय. सांगू का?"

"आजच्या हवामानाला कालच मंजुरी मिळालीय, बाई. काय लिहिलंय?"

"हवा कोरडी, मनं प्रसन्न."

"मग तेच वाचा."

"अहो, माझी अंडी आहेत तिथे!"

"म्हणजे तुमचा हितसंबंध आला. मग तर तुम्ही पुराबद्दल बोलूच नये."

"महाराजांना तरी विचारा."

"महाराज दुपारी उठतात."

बाईंना रडूच आलं. डोळे पुसता पुसता त्यांची नजर कार्यक्रमपत्रिकेवर गेली. शेवटचं सदर होतं 'हरवले-सापडले'. फक्त त्याला मंजुरी लागत नसे. सिंहाचं कधी काही हरवत नसल्यामुळे दरबारात ते सदर कुणी वाचलंच नव्हतं.

शांततेची धून झाली. हवा कोरडी असल्याचं बाईंनी इमानदारीने सांगितलं. मग गळा साफ केला.

"हरवला आहे. एक नदीकाठ. रंग पांढरा, वाळूचा. काल संध्याकाळपर्यंत जागेवर होता. त्याच्या मागोमाग खालचं गवतही हरवलं आहे. दुपारपर्यंत सशांची बिळं हरवतील. उतारावर चार अंडी आहेत, करडी, ठिपक्यांची. ज्यांना दिसतील त्यांनी कृपया वरच्या टेकाडावर आणून द्यावीत. आई काळजीत आहे."

पोपटांनी जसंच्या तसं म्हटलं. ससे बिळांबाहेर आले. हरणं पाडसांना घेऊन टेकाडाकडे निघाली. वानरीणमावशी झाडावरून उतरल्या, रेघेला पाणी लागत होतं तेवढ्यात त्यांनी अंडी ओंजळीत घेतली आणि धापा टाकत वर आल्या.

"घे गं बाई. एकालाही धक्का लागलेला नाही."

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? आई काळजीत आहे म्हणालीस, मग मला बसवतंय होय?"

दुपारी पाणी रेघेवरून गेलं. बगळेसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरा पाय टेकला.

पूर ओसरल्यावर चौकशी बसली. सिंहाची शेपटी अजून ओली होती.

"माझी गुहापण हरवली होती म्हणे?"

"हो महाराज," बाई चाचरत म्हणाल्या.

"आणि आता?"

"सापडली, महाराज. काठही सापडला."

"हरवलेलं सगळं सापडलं? वा! याला म्हणतात रानवाणी!"

बगळेसाहेबांना पदक मिळालं. बाईंना चार पिल्लं झाली. आणि त्याच दिवसापासून 'हरवले-सापडले' मंजुरीसाठी दरबारात जाऊ लागलं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी बाई खडकावर चढल्या. हवा कोरडी असल्याचं सांगून झालं आणि पाककृतींचं नवं सदर सुरू झालं. त्याला मंजुरी लागते, हे अजून दरबारात कुणाला सुचलं नव्हतं.

"आज आपण गढूळ आमटी करू. साहित्य : एक नदी, डोंगरातला दोन दिवसांचा पाऊस. दुपारपर्यंत उकळी येते."

जंगलातल्या सगळ्या आयांनी पोरं उचलली आणि टेकाडाची वाट धरली. बगळेसाहेब तेवढे मागे थांबले. मीठ किती घालायचं, ते त्यांना लिहून घ्यायचं होतं.

तात्पर्य : खरी बातमी नेहमी चुकीच्या सदरात सांगावी. बरोबर सदरात तिला मंजुरी लागते.