नेमबाजाचा नंबर

"वरची ओळ वाचा."

"कशाची?" खुर्चीतल्या माणसाने विचारलं.

"समोर भिंतीवर तक्ता आहे ना, त्याची."

"भिंत कुठंय?"

चष्मेवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आजवर त्याच्या वाट्याला सगळे किरकोळ डोळे आले होते. पेपर वाचताना हात जरा लांब धरणारे, सुई ओवताना जीभ चावणारे. आणि आज, देवाला दया येऊन, भिंतच न दिसणारा माणूस स्वतःच्या पायांनी दुकानात आला होता. आला म्हणजे, आधी दाराच्या काचेवर आपटला आणि मग आला.

"अहो, इतकी वर्षं निभावलंत कसं?"

"अंदाजाने," तो गृहस्थ शांतपणे म्हणाला. अंगाने आडदांड, आवाजाने गरीब गाय, आणि भर उन्हात अंगात जाड कोट. "पण आता काम अडायला लागलं. तुमच्या दुकानासमोर एकाची वाट बघत उभा असतो रोज. तो येतच नाही. आला तरी मला दिसत नसेल, अशी शंका आली."

एवढ्या जाड नंबरच्या काचा मुद्दाम घडवून आणाव्या लागणार होत्या. तोवर गृहस्थ समोरच्या फुटपाथवर उभा राहायचाच, मग चहाला आत यायला लागला. गप्पा जमल्या. दोघांचीही पाठ वाकून काम केल्याने कामातून गेलेली. दोघांच्याही बायकांचं मत एकच, की नवरा एका कामाला जन्म लावतो. हल्ली सगळ्यांना घाई असते, हाताच्या कामाची कदर राहिली नाही, यावर तर त्यांचं इतकं एकमत झालं की दोघांनी दुसरा चहा मागवला. त्याने चष्मेवाल्याचं अडकणारं शटरसुद्धा हाताने चाचपून चाचपून नीट करून दिलं.

"पण तुमचं काम नेमकं काय हो?" चष्मेवाल्याने एकदा विचारलं.

"माणसं उडवतो. लांबून, नेम धरून."

चष्मेवाल्याचा कप ओठांपाशी थांबला. ओरडावं असं त्याच्या मनात आलं. पण ज्याने कालच आपलं शटर दुरुस्त केलं, त्याच्याकडे बघून ओरडायचं कसं? शिवाय काचा यायच्या होत्या. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. "फार उभं राहावं लागत असेल नाही?" एवढंच तो म्हणाला.

आता त्याची एक पद्धत होती. चष्मा हवाली करायच्या आधी गिऱ्हाइकाने आपल्या कामाची वस्तू दुकानात आणायची, आणि ती नीट दिसते का ते बघायचं. शिंपीणबाई सुई आणायच्या, मास्तर वह्या आणायचे. काचा आल्या तसं सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "उद्या कामाची वस्तू घेऊन या." आणि लगेच त्याने जीभ चावली. "ती नको! ती घरीच राहू दे! दुसरं काहीतरी आणा."

दुसऱ्या दिवशी नेमबाजाने कोटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. "हाच तो. मला तर नुसतं वांगं दिसतं. बघा बरं, कोण आहे?"

चष्मेवाल्याने बघितलं. फोटोत तो स्वतः होता. आपल्याच दुकानाच्या पायरीवर, जांभई देत. कोपऱ्यात बुटांची मांडणीही आली होती, म्हणजे फोटो शेजारच्या बूटवाल्याच्या दारातून काढला होता. हा बूटवाला मधली भिंत पाडून दुकान वाढवायच्या मागे लागला होता, आणि चष्मेवाला प्रत्येक वेळी नाही म्हणत होता.

"कोण आहे?" नेमबाजाने पुन्हा विचारलं.

"आहे एक... साधा माणूस," चष्मेवाला कसाबसा म्हणाला. "काचा अजून थोड्या घासायच्यात. परवा या."

घरी बायकोने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "पोलिसात जा!"

"जातो ना. पण चष्मा दिल्यावर."

"चष्मा दिल्यावर तुम्ही उरणार आहात का? चुकीचा नंबर द्या त्याला!"

"चुकीचा?" चष्मेवाला ताडकन उठला. "आजपर्यंत एकाला तरी दिलाय?"

"एकदा दिला तर आकाश कोसळणार नाही!"

"अगं, डोकं दुखेल त्याचं. जिन्यावरून पडेल बिचारा."

"पडू दे की!"

"मित्र आहे माझा."

"मित्र? अहो, जीव घ्यायला आलाय तो तुमचा!"

"पण त्याला कुठे माहीत आहे!"

तरी बायकोच्या शब्दाला मान देऊन त्याने दुकानात एक चुकीची काच चौकटीवर धरून बघितली. लगेच ती परत खणात ठेवली. मरणाची भीती वेगळी आणि वाईट कामाची लाज वेगळी. लाज जड भरली. त्याने बरोबर काचा बसवल्या, काड्या कानाला टोचू नयेत म्हणून शेकून वाकवल्या, आणि घाम पुसत वाट बघत बसला.

नेमबाज आला. चष्मा नाकावर चढला. क्षणभर तो हललाच नाही.

"भिंत!" तो ओरडला. "तक्ता! अहो, झाडाला पानं सुटी सुटी असतात!" लहान मुलासारखा तो दाराशी धावला, आणि दारातच खिळला. "तो... तो टोपीवाला! त्याला तर मी मागच्या वर्षी उडवला होता!"

"तो? परवाच काडी बसवून गेला. टोपीला भोक पडलं, उंदरांनी उच्छाद मांडलाय म्हणत होता."

"आणि ती पिशवीवाली बाई?"

"ठणठणीत आहे."

नेमबाज मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे एकही नाही? पण कुणी कधी तक्रार केली नाही!"

"तक्रार करणार कुणाकडे?"

हसावं की रडावं ते नेमबाजाला कळेना. मग एकदम आठवण होऊन त्याने फोटो काढला आणि डोळ्यांसमोर धरला. फोटोकडे बघितलं. चष्मेवाल्याकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे.

"हे तर तुम्ही."

"मीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फोटो आणलात तेव्हाच कळलं."

"आणि तरी नंबर बरोबर दिलात?"

"मग काय चुकीचा देऊ?" चष्मेवाला भीती विसरून चिडला. "तुम्ही पण माझ्या बायकोसारखंच बोलायला लागलात!"

नेमबाजाचा हात सावकाश कोटात गेला. चष्मेवाल्याने डोळे गच्च मिटले. त्याला बायको आठवली, तिचं ऐकायला हवं होतं हेही आठवलं. काहीच झालं नाही, तेव्हा त्याने एक डोळा किलकिला केला. नेमबाज रडत होता, आणि कोटाच्या बाहीने काचा पुसत होता.

"बाहीने नको!" चष्मेवाला किंचाळला. "ओरखडे पडतात!"

नेमबाजाने निमूटपणे मऊ फडकं घेतलं, काचा पुसल्या, फोटोचे बारीक तुकडे करून टोपलीत टाकले आणि उठून शेजारच्या दुकानात गेला. चष्मेवाला भिंतीला कान लावून उभा राहिला. पलीकडून चकार शब्द ऐकू आला नाही.

थोड्या वेळाने बूटवालाच आला. पांढराफटक, हात जोडलेले. "शेजारी, भिंतीचा विषय आपण सोडून देऊ. ती भिंत फार चांगली आहे. मी तर म्हणतो, अजून जाड करा." आणि उत्तराची वाट न बघता, एका पायात चप्पल आणि एका पायात विक्रीचा बूट अशा थाटात तो रस्त्याने दिसेनासा झाला.

नेमबाज परत येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला. चष्मेवाल्याने चहा मागवला.

"काय बोललात त्याला?"

"काही नाही," नेमबाज म्हणाला. "चष्मा लावला आणि त्याच्याकडे नीट बघितलं."

चष्मेवाल्याने चहाचा कप बाजूला ठेवला. मग पुढे वाकून त्याने मित्राच्या कानामागे बोट घालून बघितलं.

"काडी टोचत नाही ना?"