तात्यांच्या लॅपटॉपची वैरण

आमच्या समोरचे तात्या लॅपटॉपला म्हैस समजतात. चार्जर लावला की म्हणतात, "वैरण टाकली." शंभर टक्के झालं की लगेच वायर उपसतात. "भरल्या पोटी चारलं की जनावर फुगतंय." उचगावात त्यांचा गोठा होता. म्हशी विकून ते राजारामपुरीत फ्लॅटवर आले, पण बोलण्यातून म्हशी गेल्या नाहीत. मी त्यांच्याकडे भाकरी करायला जाते, म्हणून हे सगळं रोज ऐकायला मिळतं.

तात्यांच्या बायकोची, म्हणजे काकींची, नजर अधू झाली, तेव्हा तात्यांनी जुना मोठा मॉनिटर आणून लॅपटॉपला जोडला. एकच चित्र दोन्हीकडं दिसायचं. तात्यांना ते खपेना. ते लॅपटॉपचं झाकण लावायचे, की मोठा पडदाही काळा.

"कोंबडं झाकलं तरी आरवतंय. हे झाकलं की निजतंय."

"उघडंच राहू दे की तात्या," मी म्हटलं.

"तू भाकरी थाप."

मला वाटायचं, जन्मभर दुधावर झाकण ठेवलेला माणूस, उघडं काही सोसत नसेल.

त्यांची मुलगी सुषमा बेंगळुरूला नर्स आहे. तिच्या दवाखान्यात तिचा सत्कार होता आणि तो लॅपटॉपवर थेट दिसणार होता. काकी इरकल नेसून सकाळपासून खुर्चीत बसल्या होत्या. सुषमा स्टेजवर आली. काकी एकदा मॉनिटरकडं बघायच्या, एकदा लॅपटॉपकडं.

"अहो, दोन दोन दिसत्यात. ह्यातली माझी कुठली?"

तेव्हा मला झाकणाचं कारण कळलं.

सुषमाच्या गळ्यात हार पडणार, एवढ्यात तात्यांनी दात ओठ खाऊन झाकण लावलं. मी डोळे मिटले. पण टाळ्या ऐकू येतच होत्या. मोठ्या पडद्यावर सुषमा तशीच उभी होती, एकटी, हात जोडून.

त्या दिवशी पहाटे गेलेली लाइट उशिरा आली होती. बॅटरी अजून भरली नव्हती, म्हणून चार्जर लावलेलाच राहिला होता. तात्यांनी वायरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"रंजे, म्हशीपुढं वैरण असल्यावर ती निजंल व्हय? आन मी येडा, गव्हाणच रिकामी करत हुतो."

मग जिन्यात जाऊन हाक दिली. "या की वर सगळी. झाकलंय, तरी जागं हाय. आन माझी पोरगी बी बघा."

खालचे लोक आले. तात्या लॅपटॉपशेजारी असे उभे, जणू मैदान मारलंय. काकी कुणाकडं न बघता म्हणाल्या, "हीच माझी. बारीक झालीया."

कार्यक्रम संपला, लोक गेले. पडद्यावर नुसता निळा रंग राहिला.

"गेली?" काकींनी विचारलं.

तात्यांचा आवाज एरवी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो. त्यांनी काकींचा हात धरून लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला. झाकण गरम होतं.

"हाय की," ते हळू म्हणाले. "जागी हाय."

काकींनी हात काढला नाही. जरा वेळानं तात्यांनीही आपला हात शेजारी ठेवला.