लंबूला काढा!

"या हंगामात आपली टीम वरच्या गटात जाणार म्हणजे जाणारच! लिहून घे!" चष्मेवाल्याने फोनवर साडूला ठणकावून सांगितलं.

इंटरनेटवरच्या बास्केटबॉलच्या खेळात दोघा साडूंची मिळून एक टीम होती. आपण पळायचं नाही, घाम गाळायचा नाही. खेळाडू घ्यायचे, विकायचे आणि कुणाला काय शिकवायचं ते ठरवायचं. मेख एवढीच, की आठवड्याला एकच गोष्ट शिकवता येई, तीही मोजक्याच खेळाडूंना. कोवळी पोरं भराभरा शिकत. पिकलेल्यांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! आणि हा साडू दर आठवड्याला टीममधल्या सगळ्यात उंच, सगळ्यात थकलेल्या खेळाडूला, लंबूला, शिकवणीला बसवत होता!

चष्मेवाल्याचं टाळकं सरकलं. फोन स्पीकरवर टाकून तो गरजला, "त्या म्हाताऱ्या लंबूला काढ आधी! गुडघे गेलेत, फुकट खातोय नुसता!"

"असू दे रे, जुना माणूस आहे," साडू कळवळला.

"म्हणून काय जन्मभर पोसायचा? आजच्या आज बाहेर!"

शेजारच्या खोलीत सासरे गुडघा शेकत पडले होते. उपचारासाठी लेकीकडे आले होते. उंची अशी, की दारातून वाकून यावं लागे. ते ताडकन उठून बसले.

बायको तरातरा बाहेर आली. "अहो, त्यांना काढायचं म्हणताय?"

"काढायचंच!" कॉम्प्युटरवरून नजर न हलवता चष्मेवाला खेकसला. "तू मध्ये पडू नकोस!"

"कुठे जातील ते या वयात?"

"जाऊ दे कुठेही! कुणी घेत असेल तर देऊन टाकू. पण घेतोय कोण? चाल बघ त्याची!"

फोनमधून साडूने भर घातली, "मी बाजारात मांडून पाहिला होता. कुणी विचारलंसुद्धा नाही."

"बाजारात?" बायको किंचाळली. "माझ्या बाबांना?"

चष्मेवाल्याने मान वळवली. दारात सासरे उभे होते, हातात बॅग.

"जावईबापू, बाजाराची तसदी नको. गाडी तेवढी बोलवा."

मग काय! हात जोडून झाले, कान धरून झाले. शेवटी सासऱ्यांना खुर्चीत बसवून कॉम्प्युटरवरचा लंबू दाखवला. त्यांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"हाच का तो फुकट खाणारा? हा राहणार! आणि शिकवणी यालाच. नाहीतर मी निघालो."

बायको दार अडवून उभीच होती. चष्मेवाल्याने दातओठ खात बटण दाबलं.

त्यानंतर दर आठवड्याला शिकवणी लंबूलाच. तरुण पोरं गंजत बसली. लंबू काही तसूभर पुढे सरकला नाही. टीम मात्र भराभर खाली सरकली. चष्मेवाल्याचा असा भडका उडे, की साडूने फोन उचलणंच सोडलं. सासरे तेवढे शांत. "चिकाटी हवी, जावईबापू!"

आणि एका सकाळी निरोप झळकला: लंबूने निवृत्ती घेतली.

चष्मेवाला उड्या मारतच सासऱ्यांकडे धावला. "बाबा, तो आपणहून गेला हो! मी नाही काढलं!"

सासरे खिन्नपणे म्हणाले, "इतकं ऐकून घेतल्यावर कोण थांबेल?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ बायको कडाडली, "घालवलंतच ना शेवटी त्याला!"