आबांना घर परवडतं का?

तपासणीला आलेल्या साहेबलोकांना कसं सांभाळायचं, हे अख्ख्या शिरूर-दौंडात माझ्याइतकं कुणाला जमत नाही. मी गृहवित्त महामंडळाचा शाखाधिकारी. साध्या माणसांच्या घरांना आम्ही पैसे पुरवतो, आणि आता राज्य सरकारनं आमच्यावर नियामक बसवलाय. त्याचा नियम सरळ आहे. परवडणारं घर खरंच परवडतं का, हे राहणाऱ्यालाच विचारायचं. उत्तर 'नाही' आलं की त्या गावाचे पुढचे हप्ते बंद!

वडगाव रासाईत एकच हप्ता द्यायचा बाकी होता, निखतचा. भिंती उभ्या होत्या, वर स्लॅब नव्हता. ती, नवरा शाकीर आणि लेकरं ताडपत्रीखाली दिवस काढत होती. म्हणून नियामकांकडून आलेल्या हर्षदा मॅडमना मी आधी गावातल्या सगळ्यात सुखी माणसाकडे नेलं.

बापूसाहेब आबा नव्या घरात पंख्याखाली बसून आंबा चोखत होते. मॅडमनी विचारलं, "आबा, घर परवडतं ना?"

"कशाचं परवडतंय मॅडम," आबा म्हणाले आणि कोय दुसऱ्या बाजूनं चोखू लागले.

मॅडमनी टॅबवर नोंद केली. ऊस, दूध, कांदा, आबांना काहीही विचारा, उत्तर हेच येतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "मला तर अजाबात न्हाई परवडत. दाराला पायऱ्या किती हायत बगा. गुडघं बोलत्यात."

मॅडमनी तेही लिहिलं.

मी घराच्या मागं जाऊन ग्रामपंचायतीच्या इंद्रजीतला फोन लावला. "अरे, मॅडम घर परवडतं का विचारतायत. लोकांना जरा सांगून ठेव." काय सांगायचं ते सांगणार, तेवढ्यात रेंज गेली. इंद्रजीतनं आपलं डोकं चालवलं. सरकारी बाई विचारतेय, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याला अनुदान असणार! त्यानं 'शाखाधिकारी साहेबांचा फोन होता' म्हणत तसं गावाच्या ग्रुपवर टाकलं.

आबांच्या दारात जत्रा भरली. "मलाबी न्हाई परवडत." "माजं तर आदी लिवा." एकानं घरच घेतलेलं नव्हतं, तो म्हशीचं म्हणत होता. नदीपलीकडच्या राहू गावातूनही मोटारसायकली आल्या. एकानं तर ग्रुपवरचा मेसेजच मॅडमपुढं धरला.

"ही मंडळी दौंड तालुक्यातली आहेत," मी मॅडमना घाईनं सांगितलं.

"म्हणजे तिकडंही परवडत नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्या आबांकडे वळल्या. "परवडत नसेल तर महामंडळाला घर परत घ्यायला सांगते."

आबा ताडकन उठले. "का म्हून? मस सुखानं ऱ्हातोय की."

"मग परवडत नाही का म्हणालात?"

"आवो, परवडतं आसं तोंडानं म्हनायचं आसतं व्हय? कांदा परवडतो म्हनलं की दुसऱ्या दिशी भाव पडतो. आन् सरकारपुढं तर कवाच म्हनू नये."

गर्दीनं माना डोलावल्या. मॅडम निखतच्या घराकडे निघाल्या. मागोमाग सगळं गाव.

निखत ताडपत्रीची दोरी बांधत होती. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. शाकीरनं बायकोला हळूच कोपर मारलं. ग्रुप त्यानंही वाचला होता.

"परवडंल," निखत म्हणाली. "डोक्यावर छप्पर आसलं ना मॅडम, मंग परवडत न्हाई म्हनायची चैन करता येती. माजा स्लॅब टाकू द्या, आन् पुढल्या साली या. मीबी ह्यांच्यावरताण रडंन."

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मॅडम, माजं खोडा," ते म्हणाले. "मला परवडतं." मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "पर जरा बारीक अक्षरात लिवा."

"माजंबी खोडा," झुंबरबाई म्हणाल्या. "गुडघ्याचं माजं मी बगते."

गर्दी एकेक करत पांगली, म्हशीवाला तेवढा थांबला. मॅडमनी निखतचा हप्ता तिथंच मंजूर केला आणि टॅबवर शेरा लिहिला, 'रहिवासी समाधानी आहेत. शाखाधिकाऱ्यांनी तपासणीच्या दिवशी फोन बंद ठेवावा.'

त्यातलं पहिलं वाक्य मी ऑफिसात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.