जड पारडं

"मापातलं मला कुणी शिकवायचं नाही!" हे वाक्य खिळेवाले दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. खिळे, तारा, साखळ्या वजनावर विकून त्यांचे केस पिकले होते आणि गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे फिजिओबाई त्यांच्या पोरीच्या पायांची मापं काढायला लागल्या, तेव्हा खिळेवाल्यांना वाटलं, चला, हे तर आपल्याच धंद्यातलं!

पोरगी फुटबॉल खेळायची. गेल्या मोसमात चेंडूमागे वळताना डावा पाय जागीच रुतला, अंग तेवढं फिरलं आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या, महिनोन्‌महिने व्यायाम झाले. या सगळ्यात पोरीचं बोलणं मात्र आटलं. मैत्रिणींचे फोन उचलेना. जेवायला बसली की ताटाकडे नुसती बघत राहायची आणि तिची आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून यायची. घर कसं अगदी सुतक असल्यासारखं.

बाईंची परीक्षा तशी साधी होती. आधी चांगल्या पायावर लंगडी उडी, मग ऑपरेशनच्या पायावर. दुसरी उडी पहिलीच्या जवळपास पोचली तर मैदानात जायची परवानगी! मागच्या दोन्ही खेपांना पोरगी कमी पडली होती. आता शुक्रवारी पुन्हा परीक्षा, शनिवारी संघाची निवड, आणि पुढच्या वर्षी ती संघाच्या वयोगटात बसणार नव्हती. ही शेवटची संधी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

गुरुवारी गल्ल्यावर बसल्या बसल्या खिळेवाल्यांचं डोकं चाललं. ते तडक घरी आले.

"अगं, पारडी सारखी करायची तर काय करतात?"

"हलक्यात भर घालतात," बायको म्हणाली.

"किंवा जडातून काढतात! उजवा पाय दमवायचा. तो कमी उडाला की डावा आपोआप बरोबरीत!"

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? पोरीचा धड असा तो एकच पाय आहे!"

पण पोरीने मान वर केली होती. कितीतरी दिवसांनी! "बाबा, खरंच जमेल?"

त्या नजरेसाठी खिळेवाल्यांनी घरदार विकलं असतं. ही लबाडी आहे, हे त्यांना कळत होतं, पण तिकडे त्यांनी सपशेल डोळेझाक केली.

"जमेल म्हणजे? जमलंच म्हणून समज!"

मग काय विचारता! पोरगी फक्त उजव्या पायावर जिना चढली, उतरली, परत चढली. स्टुलावर उजव्याच पायाने चढउतार झाले. भिंतीला टेकून एका पायावर बैठक झाली. खिळेवाले बाजूला उभे राहून "शाब्बास!" म्हणत होते आणि आत बायको भांडी आपटत होती. शुक्रवारी निघताना त्यांनी तिला आणखी एकदा जिना चढायला लावला, उगाच कसर राहायला नको म्हणून!

बाईंनी जमिनीवर फीत अंथरली. पोरीने उजव्यावर उडी मारली. इतकुशी! खिळेवाल्यांनी आनंद खोकल्यात लपवला.

"एवढीच? बरं, डावा बघू."

डाव्या पायावरची उडी अशी लांब गेली की बाई फितीवरच वाकल्या. खिळेवाल्यांनी टाळी वाजवली.

"थांबा हो. उजव्याची पुन्हा घेऊ, काहीतरी चुकतंय."

"कशाला? झालं की!" खिळेवाले घाईघाईने म्हणाले. पण पोरीने उडी मारलीही होती. पाय टेकला, मांडीत कळ गेली आणि "आई गं!" करून ती खाली बसली.

बाईंनी मांडी चाचपली, प्रश्न विचारले. खिळेवाल्यांना सगळं ओकावं लागलं. जिना, स्टूल, पारडी, सगळं! बाईंनी मागच्या खेपेची नोंद काढून पाहिली.

"मागच्या वेळी उजवा जिथे पोचला होता, तिथे आज तिचा डावा पोचलाय," त्या म्हणाल्या. "काहीही न करता आली असती ना, तरी पास झाली असती."

"मग द्या ना परवानगी!"

"कशी देऊ? मांडीचा स्नायू फाटलाय. महिनाभर तरी धावायचं नाव काढायचं नाही."

"उद्या निवड आहे," पोरगी म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. वडिलांना चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. ती भिंतीकडे तोंड फिरवून बसली.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"काय झालं? पास झाली?"

"एक पाय झाला."

"कुठला?"

"ऑपरेशनचा."

"अगंबाई! मग चांगल्याला काय धाड भरली?"

खिळेवाले दाराकडे तोंड करून हळूच म्हणाले,

"त्याची तयारी मी करून घेतली होती."