डेटाबेस उघडा ठेवण्याचा मान

राज्याची वाटणी झाली आणि ग्वाल्हेरातली सरकारी घरवाटपाची दोन कार्यालयं एकत्र करण्यात आली. राज्याचे दोन तुकडे झाले म्हणून कार्यालयांनी एक का व्हावं, याचा खुलासा आदेशात नव्हता. दोन्हीकडची माहिती मिळून एक डेटाबेस तयार झाला. फूलबागेजवळच्या नव्या कचेरीत तो सगळ्यांच्या संगणकांवर दिसे, पण नोंद करण्याची मुभा एका वेळी एकालाच. बाकीच्यांच्या पडद्यावर सूचना झळके : ‘मुकुंदराव काम करीत आहेत. कृपया थांबा.’

सगळं बिनसलं ते या सूचनेमुळे. मुकुंदराव पहिल्या कार्यालयाचे अधीक्षक. त्यांच्या पणजोबांना दरबारात बसायला जागा होती, हे ते नव्या माणसाला चहाच्या आधी सांगत. आपण काम करीत आहोत असं सगळ्या कचेरीला दिसण्याची त्यांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ. ते झाडूवाल्याबरोबर येत, डेटाबेस उघडत आणि पेपर वाचत बसत. दुसऱ्या कार्यालयाचे अधीक्षक जयसिंहराव. त्यांचेही पणजोबा दरबारातच बसत, पण म्हणे चार हात पुढे. ते झाडूवाल्याच्याही आधी येऊ लागले.

शरयूला या मानपानाशी देणंघेणं नव्हतं. तिला घर हवं होतं. दर्पण कॉलनीतल्या घरमालकाने महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. थाटीपुरातलं क्वार्टर तिच्या नावे मंजूर होतं, रिकामंही होतं. मात्र डेटाबेसमध्ये नोंद झाल्याखेरीज किल्ली मिळत नव्हती आणि नोंदी करणारी कारकून खुद्द शरयूच होती.

“साहेब, एकच ओळ आहे. आपण टाकता का?” तिने मुकुंदरावांना विचारलं.

“बेटा, टायपिंग बाबूचं काम. अधिकाऱ्याने केलं तर ऑडिटवाले आपत्ति घेतील, हरकत काढतील.”

“मग आपण बंद करा, मी उघडते.”

“मी बंद केलं की तिकडून जयसिंहराव घुसतील न. फिर?”

“मग आपल्या खुर्चीवर बसून टाकू?”

मुकुंदरावांनी दुःखाने तिच्याकडे पाहिलं. “आमच्या खुर्चीवर?”

जयसिंहरावांकडेही हीच उत्तरं मिळाली, फक्त चार हात पुढून. शेवटी तिने मुख्यालयाला अर्ज केला. उत्तर आलं की डेटाबेस अखंड वापरात असल्याचं वाचून समाधान वाटलं. एकत्रीकरण यशस्वी झालं आहे. सोबत दोन्ही अधीक्षकांना प्रशस्तिपत्रं होती आणि बक्षीस म्हणून एक इन्व्हर्टर. तो अर्थातच साहेबांच्या बैठकीच्या खोलीतल्या पंख्याला जोडण्यात आला.

महिना संपत आला. शरयूने सामान बांधून ठेवलं होतं आणि सासूबाई गाठोड्यावर बसूनच जेवत होत्या. अशात एका दुपारी भिंतीवर कुणाचं प्रशस्तिपत्र आधी लावायचं, हे मिटवायला दोन्ही साहेब बैठकीत बसले आणि लाइट गेली, सगळे संगणक बंद पडले. त्यांचा पंखा फिरत राहिला, त्यामुळे त्यांना पत्ता लागला नाही. लाइट आल्याबरोबर शरयूने डेटाबेस उघडला आणि आपली ओळ टाकली. घर मिळालं होतं.

आता फक्त बंद करायचं होतं. पण तोवर कचेरीतल्या सगळ्या पडद्यांवर ‘शरयू काम करीत आहेत’ असं झळकलं होतं. चपराशाने पहिला चहा तिच्यापुढे ठेवला. दोन्ही साहेब लगबगीने आले आणि तिच्या टेबलापाशी उभे राहिले.

“झालं का, शरयूताई?” मुकुंदरावांनी विचारलं. कालपर्यंत ती बेटा होती.

शरयूने चहाचा घोट घेतला. फार बरं वाटलं तिला.

“बघतेय अजून,” ती म्हणाली.

इतक्यात खिडकीशी कान्होजी आले. हे खात्याचे निवृत्त ड्रायव्हर, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारे. “ताई, छत टपकतंय, नातवंडं भिजतात. दुरुस्तीची एक लाइन चढवायची होती बस.”

“काम सुरू आहे,” शरयू पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. “कृपया थांबा.”

कान्होजी बाकावर बसले. ते अजून तिथेच आहेत आणि त्यांच्या शेजारी जागाही आहे. पण तुम्ही काही तिथे बसणार नाही. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली तुमच्याच खिशात आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई सकाळपासून ओले कपडे घेऊन जिन्यात उभ्या आहेत.